फाइलसूची आदेश

फाइलसूची आदेश : संगणकाच्या दुय्यम स्मृतीत (चुंबकीय तबकडी इत्यादींवर) साठविलेल्या फाइली व निर्देशिका यांची नावे, तसेच मागणीनुसार त्यांचे आकारमान, मालकी, परवानग्या व बदलाची वेळ ही माहिती कळफलकावरून टंकित केलेल्या आदेशाने मिळविण्याची सोय. युनिक्स व तिच्या धर्तीवरील परिचालन प्रणालींत या आदेशाचे नाव ‘एलएस’ असून एमएस-डॉस व विंडोज या प्रणालींत ते ‘डीआयआर’ असे आहे. हे आदेश प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टंकित करतात. प्रस्तुत नोंदीत ती अक्षरे उच्चारानुसार दिली आहेत. आदेश दिसावयास अगदी साधा असला, तरी फाइली पुसणे, हलविणे, त्यांच्या प्रती काढणे व त्या इतरांना खुल्या करणे यांसारखे निर्णय त्याने दिलेल्या यादीच्या आधारे घेतले जातात. त्यामुळे ही यादी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

निर्देशिकेचे स्वरूप : नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि एकत्र साठविलेल्या माहितीच्या संचाला फाइल म्हणतात. फाइलींची नोंद ज्या वहीवजा रचनेत ठेवलेली असते तिला निर्देशिका किंवा डिरेक्टरी अशी संज्ञा आहे. निर्देशिका ही फाइलींनी भरलेली पेटी आहे, असा सर्वसाधारण समज असतो. तथापि युनिक्समध्ये ती स्वतःच एक प्रकारची फाइल असून तिच्यात केवळ नावे आणि त्यांपुढे एकेक क्रमांक एवढीच नोंद असते. हा क्रमांक ‘आयनोड’ या नावाच्या दुसऱ्या नोंदीचा असतो. फाइलीचा प्रकार, मालक, परवानग्या, आकारमान, वेळा आणि माहिती तबकडीवर नेमकी कोठे आहे त्याचा पत्ता या सर्व गोष्टी आयनोडमध्ये असतात. फाइलीचे नाव मात्र त्यात नसते. जमिनीच्या दप्तरात गावाच्या यादीतील नाव वेगळे आणि त्या जमिनीचा सविस्तर उतारा वेगळा असावा, तसाच हा प्रकार होय.

या विभागणीमुळे एकाच आयनोडकडे निरनिराळ्या निर्देशिकांतील अनेक नावे निर्देश करू शकतात. अशा प्रत्येक नावाला दुवा म्हणतात. फाइल पुसण्याचा आदेश दिला असता प्रत्यक्षात एक नाव निर्देशिकेतून काढले जाते व दुव्यांची संख्या एकाने कमी होते. ही संख्या शून्य झाली आणि कोणत्याही चालू आज्ञावलीने ती फाइल उघडलेली नसली, म्हणजेच तिने व्यापलेली जागा मोकळी होते. प्रत्येक निर्देशिकेत एका टिंबाची (स्वतःचा निर्देश करणारी) व दोन टिंबांची (वरच्या निर्देशिकेचा निर्देश करणारी) अशा दोन नोंदी असतात.

इतिहास : सुरुवातीच्या संगणकांवर कामे छिद्रित पत्रांच्या गठ्ठ्यांच्या रूपाने दिली जात आणि माहिती चुंबकीय फितींवर असे. संगणकाशी बसून प्रश्नोत्तरे करण्याची सोय नसल्यामुळे फाइलींची यादी मागण्याचा प्रश्न फारसा उद्‌भवत नव्हता. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची कालविभाजन पद्धती प्रचारात आल्यावर ही स्थिती पालटली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये अशा एका प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. ‘सीटीएसएस’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःच्या फाइली यंत्रावर कायम ठेवता येत. फाइलीचे नाव दोन भागांचे व प्रत्येक भाग सहा अक्षरांपर्यंतचा असे. या फाइलींची यादी ‘लिस्टएफ’ या आदेशाने मिळत असे. आजच्या सूची आदेशांचा हा पूर्वज मानता येतो.

यानंतरच्या मल्टिक्स या प्रकल्पात निर्देशिकेच्या पोटात निर्देशिका आणि तिच्या पोटात आणखी निर्देशिका अशी वृक्षाकार रचना योजण्यात आली. रॉबर्ट डेली व पीटर न्यूमन यांनी १९६५ मध्ये या रचनेचे विवरण प्रसिद्ध केले. मल्टिक्समधील सूचीचा आदेश ‘लिस्ट’ असा होता व त्याचे संक्षिप्त रूप ‘एलएस’ हे होते. या प्रकल्पात सहभागी असलेल्या बेल लॅबोरेटरीज या संस्थेने १९६९ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी तेथील केन टॉम्सन व डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहान संगणकावर युनिक्स प्रणालीची उभारणी सुरू केली. वृक्षाकार रचनेची कल्पना आणि एलएस हे नाव मल्टिक्सकडून युनिक्सकडे आले. युनिक्सच्या ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेच्या पहिल्या आवृत्तीच्या नियमपुस्तिकेत एलएस या आदेशाचे वर्णन आढळते.

आदेशाची नावे इतकी आखूड असण्यास त्या काळची साधनसामग्री बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. त्या वेळी वापरात असलेले ‘टेलिटाइप ३३’ हे यंत्र सेकंदास केवळ १० अक्षरे कागदावर छापीत असे आणि त्याच्या कळा दाबण्यास जड होत्या. सरासरी १५ अक्षरांची ४० नावे छापावयाची झाल्यास त्यास एक मिनिट लागे. अशा परिस्थितीत आदेश थोडक्यात देणे व उत्तरही थोडक्यात मिळणे सोयीचे होते. मागितले नसेल ते न सांगणे, हे युनिक्समधील आदेशांचे वैशिष्ट्य या काटकसरीस धरूनच आहे.

पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात युनिक्सची एक शाखा विकसित झाली. पडद्याची टर्मिनले रुळल्यावर नावे एकाखाली एक न देता स्तंभांत मांडण्याची पद्धत या शाखेने रूढ केली. निरनिराळ्या शाखांतील फरक वाढू लागल्यामुळे आदेशांचे प्रमाणीकरण आवश्यक झाले आणि १९९२ च्या पॉझिक्स मानकात एलएसचा अंतर्भाव करण्यात आला. लिनक्सवर सामान्यतः आढळणारी आवृत्ती जीएनयू प्रकल्पातील असून रिचर्ड स्टॉलमन व डेव्हिड मॅकेन्झी हे तिचे लेखक होत.

कार्यपद्धती : वापरकर्त्याने टंकित केलेली ओळ प्रथम ‘शेल’ (कवच) ही आज्ञावली वाचते. ओळीतील पहिला शब्द आदेशाचे नाव, वजा चिन्हाने सुरू होणारे शब्द विकल्प आणि बाकीचे शब्द ज्यांची यादी हवी त्या फाइलींची वा निर्देशिकांची नावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. ओळीत तारकाचिन्ह असल्यास त्याच्या जागी जुळणारी सर्व नावे भरण्याचे काम शेलच करते. एलएसला तारकाचिन्ह दिसतसुद्धा नाही. ‘अहवाल’ या शब्दाने सुरू होणाऱ्या तीन फाइली असतील व ‘अहवाल’ या शब्दापुढे तारकाचिन्ह दिले, तर एलएसच्या हाती ती तीन पूर्ण नावे पडतात. एमएस-डॉसमध्ये मात्र हा विस्तार प्रत्येक आदेशाला स्वतः करावा लागतो.

एलएस ही आज्ञावली नंतर निर्देशिका उघडते, तिच्यातील नोंदी एकामागून एक वाचते, त्या स्मृतीत गोळा करून क्रमाने लावते व मग छापते. केवळ नावे हवी असल्यास निर्देशिका वाचणे पुरेसे असते. सविस्तर माहिती मागितल्यास मात्र प्रत्येक नावाच्या आयनोडची स्वतंत्रपणे चौकशी करावी लागते. लक्षावधी फाइली असलेल्या निर्देशिकेत, विशेषतः ती दूरच्या संगणकावर असल्यास, सविस्तर यादीला फार वेळ लागतो तो यामुळेच.

उत्तर टर्मिनलवर जावयाचे असल्यास नावे स्तंभांत मांडली जातात. ते दुसऱ्या आज्ञावलीकडे किंवा फाइलीत पाठवावयाचे असल्यास एका ओळीत एकच नाव दिले जाते.

सविस्तर यादी : ‘-एल’ हा विकल्प दिला असता प्रत्येक फाइलीसाठी एक ओळ मिळते. तिच्यात डावीकडून उजवीकडे प्रकार व परवानग्या, दुव्यांची संख्या, मालक, गट, बाइटांमधील आकारमान, शेवटच्या बदलाची वेळ व नाव हे घटक असतात. पहिले अक्षर प्रकार दर्शविते : साध्या फाइलीसाठी आडवी रेघ, निर्देशिकेसाठी ‘डी’ व प्रतीकात्मक दुव्यासाठी ‘एल’. त्यापुढील नऊ स्थाने तीन-तीनांच्या गटांत मालक, गट व इतर सर्व यांच्या परवानग्या सांगतात. प्रत्येक गटात वाचणे, लिहिणे व चालविणे हा क्रम असून परवानगी नसल्यास त्या जागी रेघ येते. याच परवानग्या अष्टमान अंकांतही लिहितात. त्यासाठी वाचण्यास ४, लिहिण्यास २ व चालविण्यास १ असे मूल्य देऊन बेरीज करतात. उदा., ६४० म्हणजे मालकास वाचण्याची व लिहिण्याची (४ + २), गटास केवळ वाचण्याची (४) आणि इतरांस कोणतीही परवानगी नाही (०).

दाखविलेली वेळ फाइलीच्या निर्मितीची असते, हा समज बरोबर नाही. ती मजकुरातील शेवटच्या बदलाची असते. मजकूर शेवटी केव्हा वाचला गेला आणि आयनोडमध्ये शेवटचा बदल केव्हा झाला, या वेळा वेगळे विकल्प देऊन पाहता येतात. पारंपरिक युनिक्समध्ये निर्मितीची वेळ राखलीच जात नसे. बदलाची वेळ गेल्या सहा महिन्यांतील असल्यास तारखेबरोबर तास व मिनिटे दिली जातात आणि ती त्याहून जुनी असल्यास त्यांच्या जागी वर्ष छापले जाते. वेळ हवी तशी बदलण्याचे आदेशही उपलब्ध असल्याने केवळ या नोंदीवरून एखादा दस्तऐवज केव्हाचा आहे, हे निर्णायकपणे सांगता येत नाही.

इतर उपयुक्त विकल्पांपैकी ‘-टी’ ने बदलाच्या वेळेनुसार, तर मोठ्या लिपीतील ‘-एस’ ने आकारमानानुसार क्रम लागतो; ‘-आय’ ने आयनोड क्रमांक दिसतो; ‘-डी’ ने निर्देशिकेतील नोंदींऐवजी खुद्द निर्देशिकेची माहिती मिळते; आणि मोठ्या लिपीतील ‘-आर’ ने पोटनिर्देशिकांचीही यादी शेवटच्या पातळीपर्यंत मिळते.

निर्देशिकेच्या परवानग्या : निर्देशिकेच्या बाबतीत वर दिलेल्या तीन परवानग्यांचे अर्थ वेगळे होतात. वाचण्याच्या परवानगीने तिच्यातील नावांची यादी मिळते. चालविण्याच्या परवानगीने तिच्यातून पुढे जाऊन नाव ठाऊक असलेली फाइल गाठता येते. लिहिण्याच्या परवानगीने, चालविण्याची परवानगीही असल्यास, नावे घालता व काढता येतात. त्यामुळे यादी पाहता न येणाऱ्या निर्देशिकेतील फाइलसुद्धा तिचे अचूक नाव माहीत असल्यास उघडता येते. उलटपक्षी, यादी दिसत असूनही एकही फाइल उघडता येऊ नये, अशी परिस्थिती संभवते. फाइल पुसण्याचा अधिकार सामान्यतः त्या फाइलीच्या नव्हे, तर ती ज्या निर्देशिकेत आहे तिच्या परवानगीवर अवलंबून असतो. परिणामी केवळ वाचण्यासाठी खुली ठेवलेली फाइलही त्या निर्देशिकेत लिहू शकणाऱ्या व्यक्तीला पुसता येते. सामाईक संगणकांवर अनेकदा आश्चर्य निर्माण करणारी ही गोष्ट निर्देशिका ही नावांची वही आहे, हे लक्षात घेतल्यावर सहज उलगडते.

लपलेल्या नोंदी : टिंबाने सुरू होणारी नावे एलएस एरव्ही दाखवीत नाही, ती पाहण्यासाठी ‘-ए’ हा विकल्प द्यावा लागतो. हा संकेत विचारपूर्वक आखलेला नव्हता. बेल लॅबोरेटरीजमध्ये काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, एक टिंब व दोन टिंबे या दोन नोंदी यादीत येऊ नयेत, एवढाच मूळ हेतू होता. त्यासाठी नाव पूर्ण न तपासता केवळ त्याचे पहिले अक्षर टिंब आहे की नाही, एवढेच पाहिले गेले. त्यामुळे टिंबाने सुरू होणारी सर्वच नावे अदृश्य झाली आणि पुढे निरनिराळ्या आज्ञावलींनी आपापल्या मांडणीच्या फाइली अशा नावांनी ठेवण्याचा प्रघात पडला. अशा फाइली गुप्त वा संरक्षित नसतात. त्या केवळ यादीतून वगळलेल्या असतात.

क्रम व देवनागरी नावे : मूळ युनिक्समध्ये नावांचा क्रम अक्षरांच्या संकेतांकांनुसार लागत असे. आस्की संकेतावलीत मोठ्या लिपीतील सर्व रोमन अक्षरे लहान लिपीच्या आधी येतात; त्यामुळे मोठ्या लिपीतील शेवटचे अक्षर लहान लिपीतील पहिल्या अक्षराच्या आधी लागते. अंकही अक्षरे म्हणूनच तपासले जात असल्याने ‘प्रकरण १०’ हे ‘प्रकरण २’ च्या आधी येते. अंकांपूर्वी शून्य घालून (०१, ०२, … १०) किंवा तारखेत वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवून ही अडचण टाळता येते. आधुनिक आवृत्ती निवडलेल्या भाषेच्या नियमांनुसार क्रम लावतात. म्हणून तीच निर्देशिका दोन संगणकांवर निराळ्या क्रमाने दिसू शकते.

देवनागरी नावांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक स्पष्टपणे जाणवतो. युनिकोड संकेतावलीत ‘ळ’ चे स्थान ‘ल’ आणि ‘व’ यांच्या दरम्यान आहे, तर मराठी वर्णमालेत ते ‘ह’ नंतर येते. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ ही जोडाक्षरे संकेतांकांनुसार अनुक्रमे ‘क’ व ‘ज’ यांच्या गटांत जातात. केवळ संकेतांकांवर आधारलेला क्रम मराठी वाचकाच्या अपेक्षेप्रमाणे नसतो तो यामुळे. केन टॉम्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरी विभागातील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, हलन्त व अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. लिनक्सवरील सामान्य फाइलप्रणालींत नावाची मर्यादा २५५ बाइट असल्याने देवनागरी नाव ८५ चिन्हांपेक्षा मोठे असू शकत नाही. तसेच ‘ऱ’ हे अक्षर एकसंध चिन्हानेही लिहिता येते आणि ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. बहुतेक लिनक्स प्रणाली ही दोन नावे भिन्न मानतात. त्यामुळे वाचणाऱ्याच्या दृष्टीने तंतोतंत सारखी दिसणारी दोन नावे एकाच यादीत येऊ शकतात.

इतर प्रणाली : गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये विकसित केलेल्या सीपी/एम या सूक्ष्मसंगणकांच्या प्रणालीत यादीसाठी डीआयआर हा आदेश होता आणि नाव आठ व तीन अक्षरांच्या दोन भागांचे असे. १९८१ च्या एमएस-डॉसने हाच आदेश व हीच नामपद्धती स्वीकारली. पोटनिर्देशिकांची सोय तिच्यात प्रथम नव्हती. ती १९८३ मधील दुसऱ्या आवृत्तीत आली. या प्रणालीत फाइल पुसताना निर्देशिकेतील तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी विशिष्ट खूण लिहिली जाते व मजकूर तबकडीवर तसाच राहतो. ती जागा दुसऱ्या फाइलीने व्यापेपर्यंत जुना मजकूर परत मिळविणे बहुधा शक्य असते. एखादी फाइल यादीत नसणे आणि ती नष्ट झालेली असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे यावरून स्पष्ट होते. मायक्रोसॉफ्टच्या २००६ मधील पॉवरशेल या कवचात यादी साध्या मजकुराऐवजी गुणधर्मांनी युक्त अशा वस्तूंच्या रूपात मिळते. जुन्या सवयीच्या वापरकर्त्यांसाठी विंडोजवरील पॉवरशेलमध्ये एलएस व डीआयआर ही दोन्ही नावे पर्याय म्हणून ठेवलेली आहेत.

मर्यादा व धोके : युनिक्समध्ये फाइलीच्या नावात तिरपी रेघ व शून्य बाइट वगळता कोणतेही चिन्ह चालते, रिकामी जागा किंवा नवी ओळही त्यात असू शकते. नवी ओळ असलेले एक नाव एकेका ओळीच्या यादीत दोन नावांसारखे भासते. अशी यादी वाचून आपोआप फाइली पुसणारी आज्ञावली भलतीच फाइल पुसण्याचा संभव असतो. म्हणून यंत्राने पुढे वापरावयाच्या कामासाठी एलएसच्या छापील उत्तरावर विसंबणे सदोष मानले जाते. जीएनयू आवृत्तीत २०१६ पासून रिकाम्या जागा वा विशेष चिन्हे असलेली नावे टर्मिनलवर अवतरणचिन्हांत दाखविली जातात. तारकाचिन्हासह पुसण्याचा आदेश देण्यापूर्वी तेच शब्द एलएसला देऊन नेमकी कोणती नावे जुळतात ते पाहणे, ही या आदेशाची एक अत्यंत उपयुक्त योजना होय. पुसण्याचा आदेश सामान्यतः परत फिरविता येत नाही.

यादी देणारी आज्ञावलीही शेवटी एक फाइलच असते आणि ती बदलली जाऊ शकते. चालू निर्देशिकेत आदेश प्रथम शोधावा अशी मांडणी केलेली असल्यास, सामाईक निर्देशिकेत कोणी ठेवलेली एलएस नावाची अपायकारक आज्ञावली व्यवस्थापकाच्या हातून नकळत चालविली जाते. या कारणाने तशी मांडणी टाळतात. १९९० नंतरच्या दशकात संगणकांत शिरकाव करणाऱ्यांनी मूळ एलएसच्या जागी स्वतःच्या फाइली वगळून बाकीच्या दाखविणारी आज्ञावली बसविल्याचे प्रकार आढळून आले. संशयित यंत्राची तपासणी करताना त्यावरील आदेशांऐवजी बाहेरून आणलेल्या विश्वसनीय प्रती वापरतात, त्याचे हेच कारण होय. याखेरीज, यादी ही ती तयार झाल्या क्षणापुरती असते. अनेकजण वापरीत असलेल्या संगणकावर ती वाचून होईपर्यंत फाइली बदललेल्या असू शकतात.

चित्रमय पडद्याचा प्रसार झाल्यापासून बहुसंख्य वापरकर्ते फाइली खिडकीतील चिन्हांच्या रूपात पाहतात. त्या खिडकीमागेही निर्देशिका वाचणे, आयनोडची चौकशी करणे व क्रम लावणे याच क्रिया घडत असतात. दूरच्या सेवासंगणकांचे व्यवस्थापन, मोठ्या प्रमाणावरील माहितीची हाताळणी आणि वारंवार करावयाची कामे यांसाठी मात्र टंकित आदेशच सोयीचा ठरतो. त्यामुळे सहा दशकांपूर्वी लिस्टएफने सुरू झालेली ही परंपरा मूळ स्वरूपात फारसा बदल न होता टिकून आहे.